लाल पेटीतली व्हीलचेअर

चिखलीत एक दिवसाआड पाणी येत असे, आणि तो पाण्याचा दिवस होता. दिपाली उठली तेव्हा नळ सुरू झालेला होता आणि तिच्या सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, पिंपात नळी सोडून ठेवली होती. तिचा नवरा नवनाथ पहिल्या शिफ्टसाठी मोटारसायकलवरून तळेगावकडे निघून गेला होता. त्याचा चहाचा कप बेसिनमध्ये पालथा पडला होता. दिपालीने एका शेगडीवर चहा ठेवला, दुसरीवर डब्यासाठी गवारीची भाजी टाकली. मंजुळाबाई ओट्याशी उभ्या राहून भाकऱ्या थापत होत्या. एक भाकरी तव्यावर टाकली की त्या डावा हात ओट्याच्या कडेवर टेकवत, आणि ती उलटायची वेळ झाली की उचलत. ज्वारीच्या पिठाचा डबा ओट्याखालून वर, मिक्सरच्या शेजारी आला होता. दिपालीने फ्रिज उघडला. भाज्या मधल्या फळीवर नीट रचलेल्या होत्या. खालचा मोठा खण रिकामा होता. तिने मधल्या फळीवरून कोथिंबीर घेतली, दार लावले आणि डबा भरला.

"येते, आई."

"ये. आणि त्या बोटीचं ह्या रविवारी एकदाचं मिटवा म्हणावं. नुसतं बोलायलेत सगळे."

चाकणकडे जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर उभी होती. दिपाली खिडकीशी बसली. नेहमीप्रमाणे तळवडे येईपर्यंत तिला डुलकी लागली होती.

वाहनांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दिपाली आवक मालाच्या तपासणीवर होती. बाहेरच्या लहान कारखान्यांतून आलेले भाग तिच्या टेबलावर येत. ती ते मोजमापाला लावी आणि तीनपैकी एक खूण त्यांना अडकवी. हिरवी खूण म्हणजे माल चांगला. पिवळी म्हणजे भागाचा नकाशा, म्हणजे ड्रॉइंग, बदललेला असावा, आधी खात्री करा. लाल म्हणजे नापास. नापास नग टेबलापलीकडच्या लाल पेटीत जात. पेटीला कुलूप होते, आणि नव्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगितले जाई, की लाल पेटीत गेलेले काहीही परत बाहेर यायचे नसते. कुणाला घाई असो, कुणाची ओळख असो. दिपाली हा नियम इतक्या निष्ठेने पाळी, की तिची खूण बदलून घ्यायला कुणी फारसे येतच नसे.

ही ख्याती सोसायटीपर्यंत पोचली होती, आणि म्हणूनच बोटीचे प्रकरण तिच्या गळ्यात पडले.

सोसायटीतली सहा कुटुंबे होळीच्या आधी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवासी जहाजावर जाणार होती. सहलीची कल्पना मूळची मंजुळाबाईंची. मागच्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाला गप्पा चालल्या असताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, "आमच्या बीडकडं सगळा जन्म पाण्यामागं गेला. आता एकदा चारी बाजूंनी पाणी असावं, आणि हंडा भरून आण असं कुणी म्हणू नये, असं बघायचंय." सगळे हसले होते, पण ते वाक्य टिकले. दोन महिन्यांत तिकिटे निघाली.

तिकिटे निघताच सल्ल्यांचा पूर आला. कुणाचा आतेभाऊ, कुणाच्या ऑफिसातली मैत्रीण, कुठला तरी व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दिवसभर टिपा पडत राहिल्या आणि त्या एकमेकींशी भांडू लागल्या. एक म्हणे गरम कपडे न्या, दुसरी म्हणे पोहण्याचे. अखेर रविवारी संध्याकाळी गच्चीवर बैठक बोलावण्यात आली. खुर्च्या आल्या, सतरंजी आली, चहाची किटली आली, आणि हिंदुरावांनी सूत्रे हाती घेतली.

हिंदुराव, तरुण मंडळींचे अण्णा, मूळचे चिखलीचेच. सोसायटी जिथे उभी होती तिथे त्यांच्या घराण्याची ज्वारी उभी राहत असे, आणि त्यामुळे गच्चीवर आले की अजूनही ते बांधावर उभे असल्यासारखे बोलत.

"हे बगा, एवढ्या टिपा डोक्यात न्हाई मावत. कोन खरी, कोन खोटी, ते कोनीतरी एकानं ठरवा. आपली दिपालीवहिनी क्वालिटीत हाय. त्यांनी हिरवा म्हणलं की घ्यायचं, लाल म्हणलं की टाकायचं. काय?"

दिपालीने आढेवेढे घेतले, पण खरे तर ती तयारी करून आली होती. जहाज कंपनीच्या कार्यालयात फोन करून तिने बऱ्याच गोष्टी विचारून ठेवल्या होत्या. खात्री केल्याशिवाय खूण लावणे तिच्या हाताला माहीत नव्हते.

सुरुवात सदाशिवकाकांनी केली. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या नकाशाविभागातून ते निवृत्त झाले होते, आणि जहाजाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले ते गटातले एकमेव गृहस्थ होते. वीसेक वर्षांपूर्वी ते सिंगापूरहून एका जहाजावर चढले होते.

"केबिनच्या भिंती पोलादी असतात," ते शांतपणे म्हणाले. "चुंबकाचे हुक न्यावेत. टोप्या, पिशव्या, ओले रुमाल, सगळं टांगता येतं."

"पोलादी? मंग खाऱ्या वाऱ्यानं गंजत न्हाई व्हय?" हिंदुरावांनी विचारले.

"रंग देतात, हिंदुराव. तुमच्या गेटला देत नाही तसं नाही."

"हिरवा," दिपाली म्हणाली. औषधे आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत उशिरा पोचतात, यालाही तिने हिरवा दिला. पोट ढवळले तर केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे, यालाही.

"आता महत्त्वाचं," सदाशिवकाका खुर्चीत सरळ झाले. "एका संध्याकाळी कप्तानाबरोबर भोजन असतं. पुरुषांनी कोट आणि टाय. आणि एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, केबिनमध्ये प्लग एकच असतो."

"काका," नवनाथ म्हणाला, "ते तुमच्या वेळचं. गोव्याला निघालेली माणसं बर्म्युडा घालून जेवतील हो."

"मी विचारलंय," दिपाली म्हणाली. "बोर्ड तर चढतानाच काढून घेतात, आगीच्या भीतीनं. आणि कोट लागत नाही. दोन्ही पिवळे. एके काळी बरोबर होतं, आता नाही."

सदाशिवकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "कोट ड्रायक्लीन करून आणलाय मी."

"मग न्या की, काका. लागत नाही एवढंच म्हणाले. मनाई नाही केली कुणी."

काकांचा चेहरा उजळला आणि हिंदुराव म्हणाले, "चला, कप्तान म्हणून तुमालाच उभं करू." आणि मग त्यांनी स्वतःची पोतडी उघडली. त्यांच्या भाच्याने सांगितले होते, की बोटीवर दारू महाग मिळते, तेव्हा खोबरेल तेलाची बाटली स्वच्छ धुवायची आणि घरूनच भरून न्यायची.

"आणि तेलाच्या वासाची पिणार तुम्ही?" त्यांच्या पत्नी शालनबाई सतरंजीवरूनच म्हणाल्या. "पोटात केस उगवतील."

"लाल," दिपाली हसत म्हणाली.

"बरं. मग सकाळी लवकर उठून पोहण्याच्या तलावापाशी आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवायचे. ह्यात काय वाईट हाय? एसटीत खिडकीतून रुमाल टाकत न्हाई का आपण?"

या युक्तिवादावर गच्चीवरच्या बऱ्याच माना डोलल्या, कारण तिथल्या प्रत्येकाने आयुष्यात केव्हा ना केव्हा तो रुमाल टाकलेला होता. दिपालीलाही विचार करावा लागला.

"एसटीत रुमाल टाकणारा दारातून आत शिरेपर्यंतच जागा धरतो, अण्णा. तुम्ही टॉवेल टाकणार, मग नाश्ता करणार, मग झोपणार, आणि खुर्ची दुपारपर्यंत उन्हात एकटी बसणार. लाल."

"न्हाई, हे पटलं," हिंदुराव मोठ्या मनाने म्हणाले.

शेवटच्या दिवशी सेवेची खोटी तक्रार करून नोकरांच्या वाट्याची रक्कम बिलातून काढून घ्या, अशीही एक टीप होती. तिच्यावर चर्चाच झाली नाही. "आपल्या ओव्हरटाइमवर कुणी असा हात मारला असता तर?" एवढेच नवनाथ म्हणाला.

आणि मग तो व्हिडिओ आला. त्यात एक हसतमुख तरुण सांगत होता, की बंदरावरची रांग लांबलचक असते. तेव्हा घरातल्या एखाद्या वयस्कर व्यक्तीचे गुडघे दुखतात असे सांगून आगाऊ व्हीलचेअर मागवा, म्हणजे तिच्याबरोबर सगळे कुटुंब रांग टाळून पुढे जाते.

"हे बेस्ट हाय," हिंदुराव म्हणाले. "मंजुळाकाकूंना बसवू. मागनं आमी सहा घरं. वरात निघंल!"

"मला कशाला बसवायलेत?" मंजुळाबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. "मला काय धाड भरलीय? गोव्यापस्तोर चालत जाईन मी!"

दिपाली मात्र हसली नाही. ती उभी राहिली, आणि जे बोलली ते तिने कारखान्यात नव्या मुलांपुढे बोलावे तसे बोलली. "खुर्च्या मोजक्याच असतात. पाय धड असताना आपण बसलो, तर ज्याला खरंच उभं राहवत नाही तो ताटकळतो. आपल्यातलं कुणीही हे करणार नाही. ही टीप नुसती लाल नाही, लाल पेटीत. कुलूप लावून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लई कडक बाई हाय राव," हिंदुराव नवनाथच्या कानात म्हणाले, "तू कसा राहतोस?" आणि सर्वांनुमते ठरले, की आपल्या गटातले कुणीही त्या खुर्चीत बसणार नाही. ठराव व्हॉट्सअ‍ॅपवर लाल गोळ्यासह टाकला गेला. दिपालीला त्या रात्री फार समाधान वाटले.

त्यानंतर मंजुळाबाईंनी बोटीचा विषय काढणे बंद केले.

आधी तुळशीचे निमित्त झाले. पाणी कोण घालणार? शेजारच्यांनी ते काम घेतले. मग, घर बंद असताना पाण्याचा दिवस आला आणि नळ चुकून उघडा राहिला तर? नवनाथने मुख्य कॉक फिरवून दाखवला. मग, समुद्राचा वारा त्यांना सोसत नाही. "तू समुद्र बघितलायस कधी?" नवनाथने विचारले. शेवटी एका संध्याकाळी त्या लसूण सोलत म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या. माझं तिकीट कुणाला तरी द्या. माझी हौस फिटली."

"न जाताच?" दिपाली म्हणाली.

"फोटोत बघीन की."

जिच्या एका वाक्यापायी सहा घरे निघाली होती तीच मागे राहणार, हे दिपालीच्या मनाला पटत नव्हते. पण कारण सापडत नव्हते, आणि कारणाशिवाय ती पुढे जाऊ शकत नव्हती.

कारण हिंदुरावांच्या उत्साहातून बाहेर आले. निघण्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी रंगीत तालीम ठरवली. जहाजावर उतरत्या-चढत्या फळीवरून जावे लागते असे सदाशिवकाकांनी सांगितल्यामुळे, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार ही फळी ठरली. सहा कुटुंबांनी भरलेल्या बॅगा ओढत तिच्यावरून खाली जायचे आणि वर यायचे होते. सदाशिवकाका खरोखरच कोट घालून आले आणि खाली उभे राहून प्रत्येकाचे ओळखपत्र तपासू लागले. हिंदुरावांच्या बॅगेचे चाक निखळून घरंगळत गेले आणि एका चारचाकीखाली जाऊन थांबले. "बोट सुटली, अण्णा!" नवनाथ वरून ओरडला. वॉचमनसुद्धा खुर्ची टाकून बघायला बसला.

मंजुळाबाई 'नुसतं बघायला' म्हणून आल्या होत्या. शालनबाईंनी त्यांचा हात धरून ओढले, "चला की, काकू, फळी तर बघा," आणि त्या उतारावर आल्या.

दिपाली खाली होती. तिने पाहिले, की सासूबाई सरळ उतरत नाहीत. त्या आडव्या झाल्या होत्या. उजवा पाय आधी खाली, मग डावा त्याच्या शेजारी, आणि एक हात भिंतीलगतच्या पाण्याच्या पाइपावर. चेहऱ्यावर हसू तसेच होते. अर्ध्यावर त्या थांबल्या आणि पदर सारखा करू लागल्या. पदर सारखाच होता.

केसाएवढा फरक बोटाला कळणाऱ्या दिपालीच्या डोळ्यांपुढे तेव्हा फ्रिजचा खालचा रिकामा खण आला. वर आलेला पिठाचा डबा, उभ्याने थापलेल्या भाकऱ्या, ओट्याच्या कडेवरचा हात. हे सगळे तिच्या टेबलावर रोज सकाळी येत होते. तिने एकदाही मोजमाप लावले नव्हते.

ती वर गेली, पाइपाच्या विरुद्ध बाजूला त्यांच्याशेजारी उभी राहिली आणि आपला दंड पुढे केला. मंजुळाबाईंनी तो धरला.

घरी आल्यावर दिपालीने विचारले, "कधीपासून, आई?"

"कशाचं?"

"गुडघ्याचं."

मंजुळाबाईंनी आधी नवनाथ घरात आहे का ते पाहिले. तो खाली चाक शोधत होता. "दिवाळीच्या फराळाला खाली बसले, ती उठताना कळ आली. मग गेलीच न्हाई. घरात हिंडायला काय होत न्हाई गं. उभं राहिलं जास्त, की आग होती नुसती."

"मग बोलला का नाहीत? खुर्ची मागवली असती."

"तूच तर कुलूप लावलंस," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट थोडी थट्टाच होती. "सगळ्यांपुढं बोललीस. टाळ्या वाजल्या. आता मीच खुर्चीत बसले, तर म्हणतील, बघा, लोकांना शिकवलं आणि आपल्या सासूला बसवलं. तुझी शोभा होईल. त्यापरीस मी घरी बरी."

दिपाली त्यांच्या शेजारी पलंगावर बसली. तिला गच्चीवरच्या टाळ्या आठवल्या, आणि त्या हसऱ्या चेहऱ्यांमध्ये सगळ्यांत मोठ्याने हसलेला एक चेहरा. चांगला नग नापास करणे हीही तितकीच मोठी चूक असते, हे तिच्या खात्यात भिंतीवर लिहिलेले होते. पण भिंतीवरचे वाक्य रोज पाहणाऱ्याला दिसेनासे होते.

"खोटं बोलून खुर्ची घेणं लाल आहे, आई. खुर्ची लाल नाही. माझ्याकडून खूण चुकीच्या वस्तूला लागली."

"आणि मी चालत जाईन म्हणून बसले ना गोव्यापस्तोर."

"तेवढं मात्र लाल," दिपाली म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

दुसऱ्या दिवशी दिपालीने अर्धी रजा घेतली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गोळ्या आणि व्यायाम दिले, थोडे चालायला हरकत नाही म्हणाले, पण फार वेळ उभे राहणे आणि चढउतार टाळायला सांगितले. संध्याकाळी दिपालीने जहाज कंपनीकडे एका व्यक्तीसाठी व्हीलचेअर मागितली. मग गटावर तिने स्वतःच्याच जुन्या संदेशाखाली लिहिले: "या टिपेला खूण लावताना माझी चूक झाली. रांग टाळण्यासाठी खुर्ची मागणे लालच. पण ज्याला गरज आहे त्याने निःसंकोच मागावी. आमच्या आईंसाठी मी मागवली आहे."

तिने फोन पालथा ठेवला. टोमण्याची तिची तयारी होती. थोड्या वेळाने हिंदुरावांचा आवाजी संदेश आला. "काकूंना सांगा, वरात निघनारच. खुर्ची ढकलायला मी येतो." आणि त्याच्यामागे शालनबाईंचा दुरून आवाज: "आधी स्वतःच्या बॅगेला चाक लावा!"

निघण्याच्या दिवशी सहा कुटुंबे मुंबईच्या बंदरावर पोचली तेव्हा रांग व्हिडिओत होती त्याहून लांब होती. सदाशिवकाकांनी त्या उकाड्यातही कोट काढला नव्हता. बंदरावरचा एक तरुण कर्मचारी व्हीलचेअर घेऊन आला आणि मंजुळाबाई तिच्यात बसल्या. आधी कडेला, संकोचून, मग पाठ टेकून. मांडीवर त्यांनी भाकरी-चटणीचा डबा दोन्ही हातांनी धरला होता. कर्मचाऱ्याने नवनाथच्या खांद्यावरची बॅग पाहिली, दिपालीच्या हातातले चुंबकाच्या हुकांचे पुडके पाहिले आणि अदबीने हिंदीत सांगितले, की कुटुंबातले सगळेच इकडून पुढे येऊ शकतात, बाजूचे दार मोकळे आहे.

बाजूचे दार खरोखर मोकळे होते. आतून थंड हवा येत होती. मागे हिंदुराव रुमालाने मान पुसत होते. ते दुसरीकडे पाहत असल्यासारखे दाखवत होते, पण पाहत इकडेच होते.

"आईंबरोबर एकजण लागेल ना?" दिपालीने विचारले.

"हो, मॅडम."

"नवनाथ, तू जा. गोळ्यांची पिशवी तुझ्याकडे ठेव."

"आणि तू?"

"मी येते मागून."

मंजुळाबाईंनी खुर्चीतून मान वळवून तिच्याकडे पाहिले, डबा एका हाताने धरून दुसरा हात हलवला, आणि खुर्ची दारातून आत गेली. पुढची माणसे थोडी सरकली. दिपालीने आपली बॅग उचलली आणि रांगेत एक पाऊल पुढे टाकले.